किडनीच्या गाठीचं निदान करताना रुग्णाच्या आईबद्दलही विचारा: पुण्यातल्या डॉक्टरांना खुलं पत्र

प्रति,
पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधील युरॉलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि त्वचारोगतज्ज्ञ यांस

स. न. वि. वि.

किडनीत गाठ निघालेला पेशंट तुमच्यासमोर बसतो, तेव्हा त्याला तंबाखू, बीपी, शुगर, मुतखडा असं सगळं विचारलं जातं. त्या यादीत आणखी एक प्रश्न घालावा, एवढी विनंती करायला हे पत्र लिहिते आहे. ‘तुमच्या आईची, मावशीची किंवा बहिणीची पिशवी कमी वयात काढावी लागली होती का?’

पुरुष पेशंटला असं विचारायला संकोच वाटेल, हे कळतं मला. पेशंटलाही आधी नवल वाटेल. पण किडनीच्या एका दुर्मीळ कॅन्सरचा माग या एका प्रश्नाने लागू शकतो. तो लागला, तर पेशंटच्या औषधापासून त्याच्या मुलांच्या तपासण्यांपर्यंत सगळं बदलतं. आमच्या घरात ते बदललं, पण उशिरा.

माझा धाकटा भाऊ चाकणला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. २०२३ मध्ये, वयाच्या ३८व्या वर्षी, त्याच्या लघवीतून रक्त गेलं. मुतखडा असेल म्हणून आधी भरपूर पाणी प्यायला सांगितलं गेलं. मग सोनोग्राफी झाली, सीटी झाला आणि डाव्या किडनीत ६ सेंटिमीटरची गाठ दिसली. ऑपरेशन पुण्यातल्याच एका रुग्णालयात झालं आणि चांगलं झालं. सर्जनच्या हाताबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. तक्रार आहे ती नंतर हातात पडलेल्या रिपोर्टबद्दल, आणि तो वाचून पुढे कुणी काहीच न विचारल्याबद्दल. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, ‘पॅपिलरी रीनल सेल कार्सिनोमा, टाइप २’. गाठ पूर्ण निघाली आहे, कडा मोकळ्या आहेत, सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून दाखवा, असं सांगून त्याला घरी सोडलं. वर्ष उलटायच्या आत पोटातल्या लसिकाग्रंथींत आणि यकृतात गाठी आल्या.

तुम्हाला हे माहीत असेल, पण हे पत्र पेशंटही वाचतील, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. किडनीच्या कॅन्सरमध्ये साधारण ७० ते ७५ टक्के गाठी ‘क्लिअर सेल’ प्रकारच्या असतात. त्यानंतर नंबर लागतो पॅपिलरी प्रकाराचा. या पॅपिलरी गाठींचे पूर्वी टाइप १ आणि टाइप २ असे दोन भाग करत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या वर्गीकरणात हे भाग काढून टाकले गेले, कारण टाइप २ या नावाखाली एकमेकांशी संबंध नसलेले आजार एकत्र पडत होते. त्यातल्याच एका आजाराला आता स्वतंत्र नाव आहे: फ्युमरेट हायड्रेटेज डेफिशियंट रीनल सेल कार्सिनोमा. बोलताना सगळे ‘एफएच डेफिशियंट’ म्हणतात. म्हणजे माझ्या भावाच्या रिपोर्टवर जे नाव छापलं गेलं, ते छापलं त्या वेळी जुनं झालेलं होतं. एखादं नाव मागे राहिलं म्हणून मी कुणावर आगपाखड करणार नाही. पण टाइप २ लिहून थांबता येत नाही, त्याच्या आत काय आहे ते पाहावं लागतं, हे तोवर कळून चुकलं होतं. ते पाहिलं गेलं नाही.

पुढे मुंबईत दुसरं मत घ्यायला गेलो तेव्हा तिथल्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी जुना ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, मागवून घेतला आणि स्लाइड नव्याने पाहिल्या. मी हट्ट केला म्हणून मला मॉनिटरसमोर बसवून दाखवल्याही. सुरुवातीला मला नुसता गुलाबी-जांभळा पसारा दिसत होता. कुठे बोटांसारख्या उंचावलेल्या घड्या, कुठे नळ्या, कुठे चाळणीसारखी भोकं. एकाच गाठीत इतक्या तऱ्हा एकत्र दिसल्या की आपण थबकतो, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी भिंग वाढवलं. पेशीचं केंद्रक मोठं झालं आणि त्याच्या मधोमध एक शेंदरी ठिपका दिसला, टिकलीसारखा ठसठशीत, भोवती स्वच्छ मोकळी कडा. शेजारच्या पेशीत तसाच. त्याच्या पलीकडच्या पेशीतही तसाच. सगळ्या पेशींत तो असतोच असं नाही, शोधावा लागतो, पण दिसला की दुर्लक्ष करायचं नाही. स्क्रीनवरची नजर न काढताच त्यांनी मला विचारलं, “आईला फायब्रॉइड होते का हो?” फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयातल्या, कॅन्सर नसलेल्या गाठी.

आईची पिशवी ३३व्या वर्षी काढली. मावशीची त्याच्याच आसपास. माझ्या गाठी २९व्या वर्षी काढल्या, त्या पुन्हा आल्या, आणि ३६व्या वर्षी माझीही पिशवी गेली. आईच्या उजव्या दंडावर, खांद्याच्या खाली, तांबूस-तपकिरी बारीक गाठींचा एक पुंजका आहे. डिसेंबरातल्या पहाटेच्या गारठ्यात त्यावर ब्लाउजची बाही घासली तरी ती कळवळते. चरबीच्या गाठी आहेत, त्रास नसेल तर राहू द्या, असं तिला वर्षानुवर्षं सांगितलं जात होतं. त्रास तर होता. थंडीने आणि स्पर्शाने दुखणाऱ्या त्या गाठी त्वचेतल्या बारीक स्नायूंच्या आहेत, चरबीच्या नव्हेत, हे बायोप्सी केल्यावर कळलं.

त्वचेवरच्या या गाठी आणि गर्भाशयातले फायब्रॉइड एकाच घराण्यात चालत येतात, हे रीड आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्येच लिहून ठेवलं होतं. २००१ मध्ये फिनलंडमधल्या कुटुंबांच्या अभ्यासात त्याला किडनीच्या कॅन्सरची जोड असल्याचं दिसलं आणि २००२ मध्ये त्यामागचं जनुक सापडलं. ते एफएच जनुक पहिल्या गुणसूत्रावर असतं. पेशीत ऊर्जा तयार होण्याच्या साखळीत फ्युमरेटचं मॅलेटमध्ये रूपांतर करणारं विकर (एन्झाइम) या जनुकावरून बनतं. ते बनलं नाही की फ्युमरेट साचत जातं. ऑक्सिजन भरपूर असतानाही तो कमी पडल्यासारखी पेशी वागू लागते, साखर अधाशासारखी वापरते, नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते. साचलेलं फ्युमरेट पेशीतल्या प्रथिनांना जाऊन चिकटतं. त्या चिकटण्याची खूण ‘टू-एससी’ नावाच्या चाचणीत दिसते.

जनुकाचा हा दोष आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडून आला तरी पुरतो. प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. ज्यांच्यात तो आहे त्या सगळ्यांना किडनीचा कॅन्सर होत नाही. आयुष्यभराचा धोका साधारण १५ ते २० टक्क्यांच्या घरात सांगितला जातो. पण ज्यांना होतो, त्यांच्यात तो थांबत नाही. इतर काही आनुवंशिक किडनी गाठी ३ सेंटिमीटरच्या होईपर्यंत नुसत्या नजरेखाली ठेवता येतात. इथे तो नियम लावणं धोक्याचं आहे, कारण एफएच डेफिशियंट गाठ लहान असतानाच पसरू शकते. दिसली की काढायची, आजूबाजूची पुरेशी जागा घेऊन काढायची. सर्जन मंडळींनो, म्हणून या आजाराची शंका ऑपरेशनच्या आधी नुसती मनात येणंसुद्धा मोलाचं आहे. तरुण पेशंट आणि आईची पिशवी लवकर काढलेली, एवढं कळलं तरी तुमचं ऑपरेशनचं नियोजन वेगळं होईल.

औषधाचंही तेच. पसरलेल्या क्लिअर सेल कॅन्सरसाठी जी औषधं पहिल्यांदा देतात, त्यांच्यावर इथे पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. अमेरिकेतल्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने केलेल्या चाचणीत बेव्हासिझुमॅब आणि एर्लोटिनिब ही जोडी दिल्यावर या आनुवंशिक प्रकाराच्या सुमारे ७० टक्के रुग्णांत गाठी ठळकपणे आकसल्या. माझ्या भावाला आता तीच जोडी चालू आहे: दर दोन आठवड्यांनी सलाईनमधून एक आणि रोज एक गोळी. चेहऱ्यावर आणि छातीवर पुरळ येतं, त्वचा सोलवटते, जुलाब होतात. यकृतातल्या गाठी निम्म्याहून लहान झाल्या आहेत आणि तो कामावर जातो. पहिल्या रिपोर्टच्या नावावर विसंबून त्याला जे औषध आधी दिलं गेलं होतं, त्यातले महिने मात्र वायाच गेले.

आता मागण्या. पहिली पॅथॉलॉजिस्ट मंडळींकडे.

पॅपिलरी गाठ साच्यात बसत नसेल, रिपोर्टमध्ये ‘अनक्लासिफाइड’ लिहावं लागणार असेल, पेशंट तरुण असेल किंवा तो शेंदरी ठिपका दिसला असेल, तर एफएचचं इम्युनो स्टेनिंग (अँटिबॉडी वापरून ते प्रथिन पेशीत आहे का हे पाहणारी चाचणी) केल्याशिवाय रिपोर्ट सही करून बाहेर देऊ नका. तुमच्या लॅबमध्ये ती अँटिबॉडी नसेल तर त्यात कमीपणा काही नाही. रिपोर्टच्या शेवटी एक ओळ लिहा: ‘एफएच डेफिशियन्सी तपासणे आवश्यक, ब्लॉक बाहेर पाठवावा.’ ही एक ओळ असती तर आम्ही दुसऱ्याच दिवशी ब्लॉक घेऊन गाडी पकडली असती. सामान्य माणसाला रिपोर्टमध्ये काय लिहिलं आहे तेच जेमतेम कळतं. काय लिहायचं राहिलं आहे, हे त्याला कसं कळणार? आणखी एक गोष्ट मुंबईच्या मॅडमनी सांगितली ती इथे नोंदवते. काही घराण्यांत जनुकातला बदल असा असतो की विकर निकामी असूनही प्रथिन जागेवर असतं आणि एफएचचं स्टेनिंग नॉर्मल दिसतं. तेव्हा संशय दाट असेल तर टू-एससी किंवा थेट जनुक तपासणीकडे जायचं, स्टेनिंग नॉर्मल आलं म्हणून फाइल बंद करायची नाही.

ब्लॉक परत मिळवताना आमची जी दमछाक झाली, ती कुणाची होऊ नये. मेणात बसवलेला पेशंटच्या शरीराचा तो तुकडा असतो. अर्ज करा, साहेब सुटीवर आहेत, पुढच्या सोमवारी या, असं चालत राहिलं. इकडे माणसाच्या पोटात गाठी वाढत होत्या. कागदपत्रांबाबत तरी नियम स्पष्ट आहे: वैद्यकीय व्यावसायिकांसाठीच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे पेशंटने मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी द्यायच्या असतात. ब्लॉक आणि स्लाइडबाबतही रुग्णालयांनी स्वतःहून तीच मुदत पाळावी.

स्त्रीरोगतज्ज्ञांना माझं सांगणं थोडं मोठं आहे, कारण आमच्या घराचा धागा सगळ्यात आधी तुमच्या हातात आला होता. फायब्रॉइड इतके सर्रास आढळतात की प्रत्येक बाईची जनुक तपासणी करा, असं कुणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. पण पंचविशी-तिशीतली मुलगी, पोटात एक-दोन नव्हे तर पुष्कळ गाठी, अंगावरून इतकं जाणं की हिमोग्लोबिन खाली येऊन रक्त चढवावं लागतं, आणि आईचीही पिशवी तिशीत गेलेली, हे चित्र वेगळं आहे. तेवढ्या बायकांना घरात किडनीचा कॅन्सर कुणाला होता का, हे विचारा. बाही वर करून दंड आणि पाठ एकदा बघा. माझ्या काढलेल्या गाठींचा रिपोर्ट एका ओळीचा होता, ‘लायोमायोमा, कॅन्सर नाही’. लायोमायोमा म्हणजे फायब्रॉइडच. मुंबईत त्याच जुन्या स्लाइड पुन्हा पाहिल्या तेव्हा भावाच्या गाठीतला तोच शेंदरी ठिपका माझ्या गर्भाशयाच्या गाठीतही होता, आणि हरणाच्या शिंगांसारख्या फाटे फुटलेल्या रक्तवाहिन्या होत्या. म्हणजे भावाच्या लघवीतून रक्त जाण्याच्या कित्येक वर्षं आधी आमच्या घराचा आजार पुण्यातल्या एका कपाटात काचेवर लिहिलेला होता.

त्वचारोगतज्ज्ञांनो, दुखणाऱ्या, थंडीने ठणकणाऱ्या गाठींचा पुंजका दिसला तर बायोप्सी करा. कित्येकदा सगळ्या घरात हे ओळखणारे पहिले डॉक्टर तुम्हीच असाल.

गाठीत एफएचचा दोष सापडला म्हणजे तो आनुवंशिक असेलच असं नाही. काही जणांत तो त्या गाठीपुरताच असतो. म्हणून रक्ताची किंवा लाळेची तपासणी करावीच लागते. मूळ पेशंटची तपासणी महाग पडते, पण जनुकातली नेमकी जागा एकदा सापडली की नातेवाइकांची तेवढी एकच जागा तपासायची असते आणि ते बरंच स्वस्त असतं. माझ्यात दोष निघाला. भावाच्या दहा वर्षांच्या मुलीत निघाला, धाकट्या मुलात नाही. पुतणीचा आता दरवर्षी कॉन्ट्रास्ट देऊन, पातळ छेदांचा एमआरआय होतो. आठ ते दहा वर्षांच्या वयापासून हे सुरू करावं असं तज्ज्ञ सांगतात. ‘वर्षातून एकदा सोनोग्राफी करून घ्या’ असं इथे एका ठिकाणी सांगितलं गेलं होतं, म्हणून मुद्दाम लिहिते: या प्रकाराची लहान गाठ सोनोग्राफीत नजरेतून सुटू शकते.

खरी अडचण पुढे आली, आणि त्यात आम्हाला तुमची मदत लागते. मावशीच्या घरी सांगायला गेले तेव्हा मावसबहिणीसाठी स्थळं बघणं चालू होतं. “आत्ता हे काढू नकोस, बाई,” मावशी म्हणाली. “मुलीच्या लग्नात उगाच विघ्न.” मी तिला दोष देत नाही. आपल्याकडे मुलीच्या रक्तात दोष आहे एवढं बाहेर कळलं तरी पत्रिका परत येते, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. पण त्याच घरात मामाकडची सोयरीक करण्याची पद्धतही आहे. आई-वडील दोघांतही हा दोष असला तर बाळाला दोन्हीकडून तो मिळू शकतो आणि त्यातून मेंदूच्या वाढीवर परिणाम करणारा, फार गंभीर असा वेगळाच आजार होतो. हे मी सांगितलं तर मी भांडण लावणारी भाची. डॉक्टरांनी सांगितलं तर ती माहिती.

म्हणून तुमच्याकडे मागते आहे ते असं: निदान झालं की पेशंटच्या हातात नातेवाइकांना देण्यासाठी एक पानाचं पत्र द्या, तुमच्या लेटरहेडवर, मराठीत, साध्या भाषेत. आजाराचं नाव, कुणी कुणी तपासून घ्यायचं, कोणती तपासणी, कोणत्या वयापासून, आणि तपासणीत दोष निघाला म्हणजे कॅन्सर झाला असा अर्थ नव्हे, एवढं त्यात असू द्या. परदेशांत असं कौटुंबिक पत्र देण्याची रीत आहे. आम्हाला ते शेवटी मुंबईहून मिळालं. ते वाचून मावसभाऊ स्वतःहून तपासून आला. मावसबहीण लग्नानंतर बघू म्हणते आहे. निदान तिला आता ठाऊक तरी आहे.

आणि जे डॉक्टर आपापल्या संघटनांमध्ये पदाधिकारी आहेत त्यांच्याशी थोडं वेगळं बोलायचं आहे. वॉर्डात भावाच्या शेजारच्या खाटेवर इंदापूरकडचे एक शेतकरी होते. त्यांचं ऑपरेशन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झालं. रिपोर्टनंतर आणखी स्टेनिंग सुचवलं गेलं तेव्हा त्यांच्या मुलाने किती पैसे लागतील ते विचारलं आणि मान हलवून निघून गेला. ४६ किंवा त्याहून कमी वयात किडनीचा कॅन्सर झालेल्यांनी आनुवंशिकतेचा सल्ला घ्यावा, अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. सरकारकडे जेव्हा तुम्ही पॅकेजच्या दरांबद्दल बोलायला जाता, तेव्हा या वयोगटाच्या पेशंटसाठी स्टेनिंग आणि जनुक तपासणीचा खर्चही पॅकेजमध्ये धरायला सांगा. हजारांत थोडेच पेशंट निघतील, खर्चाचा डोंगर होणार नाही.

ओपीडीत तुमच्यासमोर किती गर्दी असते ते मी पाहिलं आहे. एका पेशंटमागे जेमतेम काही मिनिटं मिळतात. म्हणून सगळ्यात सोपं काय, तर नोंदणीच्या वेळी जो फॉर्म भरून घेता त्यातच हे प्रश्न छापून टाका, मराठीत: घरात कुणाला किडनीची गाठ होती का, कुणाची पिशवी चाळिशीच्या आत काढली का, कुणाच्या अंगावर दुखणाऱ्या गाठी आहेत का. बाहेर बाकावर बसलेली आई किंवा बायको ते पटकन भरून देईल. घरातल्या बायकांना या तारखा पाठ असतात.

आईची, भावाची आणि माझी अशी तिघांची ब्लॉक-स्लाइड शिकवण्यासाठी वापरायला आम्ही लेखी संमती दिलेली आहे. पुण्यातल्या कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयाच्या पॅथॉलॉजी किंवा स्त्रीरोग विभागाला पदव्युत्तर विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी त्या हव्या असतील तर आम्ही स्वतः आणून देऊ आणि विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला समोर बसू. आईही येईल. तिने तसं मला लिहायला सांगितलं आहे.

आपली विश्वासू,
एका पेशंटची बहीण
सिंहगड रस्ता, पुणे